सांगू नका, बोट ठेवा

(अमळनेर येथे एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'शब्दकोडी आणि भाषासमृद्धी' असा विषय छापलाय. दिसायला भारदस्त आहे, पण मी त्यावर बोलणार नाही. चाळीस वर्षं कोडी सोडवून माझी भाषा समृद्ध झाल्याचं आमच्या घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी बोलणार आहे एका रात्रीबद्दल आणि एका कोड्याबद्दल. ते आम्ही पाच जणांनी पाच गावांतून, मोबाईलच्या पडद्यावर, दोन तास घालवून सोडवलं.

आधी माझी ओळख. मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. रात्रपाळीत दोन गाड्यांच्या मधे जो वेळ असतो, त्यात माणूस एकतर झोपतो नाहीतर बिघडतो. मला बिघडवलं एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांनी. ते इंग्रजी पेपरातलं कोडं सोडवायचे. मी शेजारी बसून बघायचो. मला कळेना, की क्लूमध्ये लिहिलंय एक आणि हे लिहितात भलतंच. विचारलं तर उत्तर कधी सांगितलं नाही त्यांनी. क्लूमधल्या एखाद्या शब्दावर नुसतं बोट ठेवायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. परत येईपर्यंत मी त्या शब्दाकडे बघत बसलेला.

आता हे वाकडं कोडं म्हणजे काय, ते सांगतो. इंग्रजीत क्रिप्टिक म्हणतात. आम्ही आपसांत वाकडंच म्हणतो. साध्या कोड्यात असतं, 'जळगाव जिल्ह्यातला तालुका, तीन अक्षरी'. यावल बसतं, रावेर बसतं, चोपडा बसतं, पारोळा बसतं. आजूबाजूची घरं भरेपर्यंत हातावर हात. वाकड्या कोड्यात तोच क्लू असा येतो: 'या वलयात दडलेला तालुका (3)'. वाचा बघू नीट. 'या वलयात'. मधली जागा विसरा. यावल तिथेच बसलंय, तुमच्याकडे बघून हसतंय. आता दुसरं कुठलंही उत्तर बसू शकत नाही. साध्या कोड्यात खात्री दुसऱ्या शब्दांकडून उसनी घ्यावी लागते, वाकड्यात ती क्लूच्या आतच असते. एक वाट शब्दाच्या अर्थाकडून येते, दुसरी अक्षरांच्या खेळाकडून, आणि दोन्ही एकाच दारात भेटतात.

आपल्याकडे हे सगळं आधीपासूनच होतं, असं सांगायची आपल्याला हौस असते. नव्हतं. चौकटींचं शब्दकोडं 21 डिसेंबर 1913 ला न्यूयॉर्कच्या एका पेपरात आलं, आर्थर विन नावाच्या माणसाने केलेलं, शंकरपाळ्याच्या आकाराचं. ते इंग्रजांनी वाकडं केलं. 1926 पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये जो कोडी घालायचा, त्याने टोपणनाव घेतलं टॉर्कमाडा. मूळचा टॉर्कमाडा म्हणजे स्पेनमधला धर्मन्यायालयाचा मुख्य, लोकांना छळण्यासाठी प्रसिद्ध. तेव्हा सोडवणाऱ्यांचं काय होत असेल ते नावावरूनच ओळखा. पुढे अफ्रिट नावाने लिहिणाऱ्या सेटरने, म्हणजे कोडं घालणाऱ्याने, एक नियम घालून दिला. त्याचा भाव असा, की मी जे म्हणतो तेच माझ्या मनात असेल असं नाही, पण जे मनात आहे ते मी म्हटलेलं असलंच पाहिजे. फसवा, पण खोटं बोलू नका. आमच्या बाजारात हा नियम लागू केला तर निम्मी दुकानं बंद होतील.

मराठीत हा खेळ आणताना पहिली अडचण आली अक्षरांची. इंग्रजीत जळगाव लिहायला सात घरं लागतात, आपल्याला चार. काना, मात्रा, वेलांटी, सगळं बिऱ्हाड एकाच घरात. त्यामुळे शब्द तोकडे आणि अक्षरांची उलटापालट जमायला कठीण. 'गरम' फिरवलं की 'मगर' निघते, 'काम' उलटं केलं की 'मका' उगवतो. असे मासे थोडेच. पण इंग्रजीत नाही अशी एक चीज आपल्याकडे आहे. आपण अक्षराला हात न लावता त्याची वेलांटी काढून घेऊ शकतो. आणि आपल्या शब्दांना दोन-दोन अर्थ इतके आहेत, की सेटरने फक्त एखादा शब्द उन्हात ठेवायचा, दुसरी बाजू आपोआप सावलीत जाते. उदाहरण देतो. 'कशासाठी? विचार! बोंडातून बाहेर पडेल (3)'. यात 'विचार' म्हणजे मनातला विचार, असं धरून मी पंधरा मिनिटं बसलो होतो. ती आज्ञा आहे, मंडळी. कशासाठी म्हणजे 'का', विचार म्हणजे 'पूस'. कापूस. सात पिढ्या कापूस पिकवणाऱ्या घरातला मी.

तर ती रात्र. आमच्यात एक रावेरकडचे केळीवाले आप्पा आहेत. त्यांना शेतात त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती, म्हणून ते मोटारीजवळ खाटेवर बसून सामील झाले, आणि दोन तास आम्हाला त्यांच्या मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता. धुळ्याच्या एक बाई, गणित शिकवून निवृत्त झालेल्या. चोपड्याचे मेडिकलवाले भाऊ. साक्रीकडचे नाना. आणि मी. कोडं घातलं होतं पारोळ्याच्या एका मुलीने, ती पुण्यात नोकरी करते. सेटरने माईक बंद ठेवायचा, ही आमची अट. पण चेहरा दिसतो ना! आम्ही योग्य वाटेला लागलो की ती ओठ दाबते, हे नानांनी हेरलंय. तेव्हापासून ती कॅमेऱ्यासमोर पाण्याचा पेला धरून बसते.

कोड्याच्या डोक्यावर एक ओळ होती: 'पाच जणींची ओळख करून दिलेली नाही. पाचही जणी सहावीच्या घरी जातात.' म्हणजे पाच क्लू असे, की त्यांत अर्थाची बाजू गायब. नुसता खेळ दिलेला. त्या पाच जणी एका कुळातल्या, ते कूळ आपण ओळखायचं. अशा कोड्याला मध्यसूत्र असलेलं कोडं म्हणा. भाऊ लगेच म्हणाले, पंचकन्या. अहल्या, द्रौपदी वगैरे. बाई म्हणाल्या, सहावीच्या म्हणजे सहावीच्या वर्गात जातात, शाळेतलं काहीतरी आहे. चाळीस वर्षं खडू हातात धरल्यावर दुसरं काय सुचणार?

पहिला मासा आप्पांच्या गळाला लागला, आणि तो पाच जणींतला नव्हता. 'भर पडण्याआधी येतं, वांगं भाजलं की होतं (3)'. मी 'भर' म्हणजे काय यावर कीस काढत होतो. आप्पा म्हणाले, "हाई काय शे भो, भरीत भर! भरीत!" रावेर-यावलच्या माणसाला भरताचा क्लू घालणं म्हणजे माशाला पोहायला लावणं. पण त्या 'री'ने दार उघडलं. तिला छेदून जाणारा उभा शब्द दोन अक्षरी, शेवटी 'री', आणि क्लू नुसता 'बाभळीशेजारी उभी'. बोरी. बोरी-बाभळी. भाऊ म्हणाले, सापडलं, पाचही काटेरी झाडं आहेत. आम्ही वीस मिनिटं झाडं शोधत फिरलो.

ती वाट मोडली नानांनी. 'मेंढरांभोवती उभी (3)'. बाईंनी कुंपण म्हटलं, मी वाडगं म्हटलं, भाऊंनी गुगल म्हटलं आणि आम्ही सगळे त्यांच्यावर ओरडलो. नाना कधी फार बोलत नाहीत. ते म्हणाले, माझ्या लहानपणी ठेलारी आमच्या शेतात मेंढरं बसवायचे. रात्री मेंढरांच्या सभोवती जाळी उभी करायचे, तिला काय म्हणतात ते आठवतंय, पण आता सांगितलं तर तुम्हाला मजा नाही. मग काय करू? मी म्हटलं, नाना, बोट ठेवा. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "त्या शब्दात एक जनावर आहे, ज्याच्यापासून मेंढरं वाचवायची." वाघ! वाघूर!

मला इथे थोडं थांबायचंय. नानांनी उत्तर टाकलं असतं तर घर भरलं असतं, आणि पाच मिनिटांत मी ते विसरलो असतो. आता मी वाघूर मरेपर्यंत विसरणार नाही. लोक म्हणतात, पाच जणांनी मिळून सोडवणं म्हणजे कॉपी. मला वाटतं, एकट्याने सोडवणं हाच थोडा गर्विष्ठपणा आहे. अख्खी मराठी कुणाच्या एकाच्या डोक्यात असते का? मेंढरांची मराठी नानांकडे, भरताची आप्पांकडे, औषधांची भाऊंकडे. माझ्याकडे रुळांची. कॉपी होते ती उत्तर सांगितल्यावर. बोट ठेवण्यात कॉपी नाही.

पुढचा क्लू: 'भास्कराचार्यांच्या शून्याला काना (2)'. आम्ही ख, पूज्य, बिंदू, सगळं घालून पाहिलं. बाई मात्र गप्प, आणि गप्प बाई म्हणजे उत्तर आलेल्या बाई. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांनी स्वतःचं जन्मवर्ष कसं सांगितलंय ते आठवा." मंडळी, हे ऐकण्यासारखं आहे. भास्कराचार्य लिहितात, 'रसगुणपूर्णमहीसमशकनृपसमयेऽभवन्ममोत्पत्तिः'. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एक. झाले 6301. पण अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे, म्हणून शके 1036, म्हणजे इसवी सन 1114. मघाशी म्हटलं ना, आपल्याकडे शब्दकोडं नव्हतं. नव्हतंच. पण जन्मतारीख विचारली तर सरळ उत्तर न देणारा माणूस आपल्या चाळीसगावच्या पाटणाशी जोडलेला आहे. तिथल्या शके 1128 च्या शिलालेखात लिहिलंय, की त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. एकट्याने वाचायचं नाही, बसून वाचायचं, ही सोय तेव्हाही लागत होती. (ज्ञानेश्वरांना भेटलेले चांगदेव वेगळे. दरवेळी कुणीतरी विचारतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

तर 'पूर्ण'ला काना. पूर्णा. आणि बाई हे म्हणाल्या त्याच क्षणी आप्पांच्या मागे पडणारा पाण्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. बोरी, वाघूर, पूर्णा. आप्पा ओरडले, "अरे, ह्या तर आपल्याच!" पडद्यावर पुण्यात पाण्याचा पेला हिंदकळला. पाच जणी सहावीच्या घरी जातात. सहावी इयत्ता नव्हे, पंचकन्या नव्हेत. 'कणकण आली वेलांटी घेऊन, सूर्याच्या लेकीला (2)', हा क्लू ग्रिडच्या बरोबर मध्यावर तासभर पडून होता. कणकण म्हणजे ताप. तापी. बाकीच्या पाचही तिला मिळणाऱ्या नद्या.

त्यानंतर चौथी दहा सेकंदांत आली. 'दळायच्या जागी शेवटी काना (3)', गिरणीची गिरणा. खरं सांगू? ती फुकट मिळाल्यासारखी वाटली. सूत्र हाती आलं की माणूस क्लू वाचतच नाही, यादीतून नाव उचलतो. म्हणून आमचा एक नियम आहे: उत्तर आधी आलं तरी क्लू उलगडून दाखवायचा, नाहीतर पेनने लिहायचं नाही, पेन्सिलने लिहायचं. पाचवीवर तर वाद झाला. 'दुधाच्या रंगातला ढ जातो, झटक्यात पहिला त्याच्या जागी बसतो (3)'. पांढऱ्यातला ढ गेला, 'झटक्यात'चं पहिलं अक्षर बसलं, पांझरा. धुळ्याच्या बाई पांझरेच्या काठावर राहतात, आणि त्यांनाच सगळ्यात उशिरा दिसली. त्यांचं म्हणणं, वर्गात कुणाला ढ म्हणायचं नाही या सवयीमुळे डोळा तिथे गेलाच नाही. ते आम्ही मान्य केलं.

दुसरा वाद मोठा होता आणि अजून मिटलेला नाही. 'तेलबीला दमटपणा आला, गाव पद्मालयाजवळ (4)'. एरंड आणि ओल, एरंडोल. भाऊंचा आक्षेप असा, की एरंड तीन अक्षरं, ओल दोन, झाली पाच, घरं चार. संधी करायची तर क्लूमध्ये तसं सांगा. नाना म्हणाले, मराठी बोलताना आपण कधी सांगून संधी करतो का? माझं मत भाऊंच्या बाजूने आहे. नियम म्हणजे नियम. पण गाव खुद्द आपल्या नावात ती संधी करून बसलंय, त्याला कुठल्या कोर्टात खेचणार?

रात्री साडेअकराला कोडं सुटलं. आप्पांची मोटार चालूच होती. सगळे खूश, पण चोपड्याचे भाऊ तोंड पाडून बसलेले. पाच नद्या घेतल्या, म्हणे, आणि चोपडा-शिरपूरच्या मधली आमची अनेर कुठेय? ती तापीला मिळत नाही का? मुलीने पहिल्यांदा माईक उघडला आणि सांगितलं, भाऊ, खूप प्रयत्न केला, अनेरचा क्लूच होत नाही. उलटं करून काही निघत नाही, आत काही दडत नाही, दुसरा अर्थही नाही. भाऊ "बघतो" म्हणाले आणि गेले.

तीन दिवसांनी पहाटे पाच वाजता त्यांचा मेसेज आला. मेडिकल उघडायच्या आधी हा माणूस हे करत होता. आज अमळनेरला बोलायचं ठरलं तेव्हाच मी ठरवलं होतं, की तो क्लू इथे वाचायचा. 'अमळनेर निर्मळ केलं, की वाहू लागते (3)'.

उत्तर कोणती नदी ते तुम्हाला ठाऊकच आहे. कसं, ते मी सांगणार नाही. बोट ठेवतो: 'निर्मळ'.