इंजिन गेल्यावर भोसरीचं काय?

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी चांगली की वाईट, यावर आज मी बोलणार नाही. तो वाद टपरीवर रोज रंगतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुन्हा सुरू होतो. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळवड्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मशीन शॉप चालवतात. तुमचा प्रश्न पोटाचा आहे: आज आपल्या मशीनवर निघणारा जॉब, म्हणजे सुटा भाग, दहा वर्षांनी कुणी घेणार आहे का?

पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, क्लच प्लेट, सायलेन्सर यांतलं काहीच इलेक्ट्रिक गाडीत नसतं. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट, काचा राहतात. वायरिंगचं काम उलट वाढतं. ब्रेकवाल्यांनी मात्र लगेच पेढे वाटू नयेत. गाडीचा वेग कमी करताना मोटरच जनित्र बनून वीज परत बॅटरीत पाठवते. त्यामुळे ब्रेकचं लायनिंग कमी झिजतं आणि स्पेअरचा धंदा आटतो.

हे उद्याच घडणार नाही. 2024 मध्ये भारतात विकल्या गेलेल्या कारपैकी इलेक्ट्रिक अडीच टक्क्यांच्या आसपास होत्या. त्याच वर्षी चीनमध्ये, प्लग-इन हायब्रिड धरून, हा वाटा निम्म्याजवळ पोचला आणि नॉर्वेत दहातल्या जवळपास नऊ नव्या गाड्या विजेच्या होत्या. आपल्याकडे सीएनजी आणि हायब्रिड अजून बरीच वर्षं इंजिन जगवतील, असं माझं मत आहे. पण रिक्षांचं चित्र आजच बदललंय आणि स्कूटरचं बदलतंय. चेतक पुन्हा आली ती बॅटरीवर. नेक्सॉन ईव्ही रांजणगावला बनते, महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक एसयूव्ही चाकणला. म्हणजे गिऱ्हाईक शेजारीच आहे. त्याचं ड्रॉइंग तेवढं बदललंय.

या ड्रॉइंगकडे नीट बघा. पेट्रोल इंजिन सहा-सात हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, धापा टाकतं, तर गाडीची मोटर सहज बारा-पंधरा हजारांवर फिरते. गिअर बदलायचे नसतात, बहुधा मोटरचा वेग उतरवणारं एकाच ठरलेल्या गुणोत्तराचं रिडक्शन असतं. ऐकून वाटतं, काम सोपं झालं. प्रत्यक्षात अवघड झालंय. आजवर गिअरच्या दाताच्या आकारातली काही मायक्रॉनची चूक इंजिनाच्या आवाजात लपून जायची. आता केबिन शांत असते, त्यामुळे तीच चूक शिट्टीसारखी कानात शिरते आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन शोरूमला परत येतं. म्हणून हीट ट्रीटमेंटनंतर, म्हणजे तापवून कडक केल्यावर, दात ग्राइंड करावे लागतात, फिनिश वरच्या दर्जाचं लागतं. अशी ग्राइंडिंग मशीन महाग असते आणि बरीचशी आयात होते. जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्यासाठी मजुरीवर केलेल्या कामाच्या, दरात तिचे हप्ते फिटणं कठीण आहे. दोघा-तिघांनी मिळून एक मशीन घ्यावं, असं मी सुचवतो तेव्हा सगळे माना डोलावतात आणि पार्किंगमध्ये पोचेपर्यंत विसरतात!

मला खरी काळजी वाटते ती बॅटरी आणि मोटरमधल्या चुंबकाची. गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त बॅटरी खाते आणि तिचे सेल मुख्यतः चीनमधून येतात. एप्रिल 2025 मध्ये चीनने काही दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि त्याच पावसाळ्यात बजाजला इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. धातू कापण्यात आपला हात कोणी धरत नाही, पण पैसा आता बॅटरीच्या रसायनाकडे सरकतोय, आणि ते आपल्या एमआयडीसीचं बळ नाही.

चुंबकाला वळसा घालता येतो. इंडक्शन मोटरमध्ये कायमचुंबक लागतच नाही. टेस्लाच्या सुरुवातीच्या गाड्या तिच्यावरच धावल्या. ती थोडी जड असते, वीज थोडी जास्त खाते. पण पंपाच्या इंडक्शन मोटरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बनताहेत. वाइंडिंग, लॅमिनेशन, रोटर कास्टिंग जाणणारी माणसं या सभागृहातही असतील. जरा हात वर करा. पुढचा अर्धा तास मला त्यांच्याशीच बोलायचंय.