खुर्ची प्यायची वेळ

श्रोतेहो, नमस्कार. आज तुम्हालाही बोलायचंय, तेव्हा तोंडात घास असेल तर आधी संपवा. जपानीत 'पाणी पितो' म्हणजे 'मिझु ओ नोमिमास'. मिझु म्हणजे पाणी, 'ओ' हा कर्माचा प्रत्यय, नोमिमास म्हणजे पितो किंवा पिते. मी नुसतं पेयाचं नाव घेईन, तुम्ही पूर्ण वाक्य म्हणा. मग मी बरोबर वाक्य म्हणेन, ते तुम्ही पुन्हा म्हणायचं.

ओचा, म्हणजे चहा. (3 सेकंद विराम) ओचा ओ नोमिमास. (3 सेकंद विराम)

कोही, म्हणजे कॉफी. (3 सेकंद विराम) कोही ओ नोमिमास. (3 सेकंद विराम)

खूण, तुमचं उत्तर, बरोबर उत्तर, पुनरुच्चार. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या भाषा-प्रयोगशाळांमध्ये मुलं कानाला हेडफोन लावून टेपवर हेच करत बसायची. या पद्धतीला श्रवण-भाषण पद्धती म्हणतात. तिची एक मुळी लष्करात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला जपानी, जर्मन, चिनी बोलणारी माणसं तातडीनं हवी होती, म्हणून 1943 साली विद्यापीठांमधून खास वर्ग चालवले गेले. छोटे गट, समोर ती भाषा घरी बोलणारा माणूस आणि दिवसभर तोंडी सराव. मग 1957 मध्ये सोव्हिएत रशियानं स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, अमेरिकेला आपण मागे पडल्याचा धसका बसला आणि 1958च्या संरक्षण शिक्षण कायद्यानं शाळांमधल्या भाषाशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला. पद्धतीला नाव दिलं येल विद्यापीठातल्या नेल्सन ब्रुक्स यांनी. मानसशास्त्राची बाजू होती वर्तनवादाची, म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या विचारांची: भाषा ही सवय आहे, उद्दीपक आला की प्रतिसाद निघतो, प्रतिसाद बरोबर ठरला की तो पक्का होतो.

याला आपण घोकंपट्टी म्हणून मोकळे होतो, पण दोन्हींत फरक आहे. पाढ्यात काही बदलत नाही, बे दुणे चार म्हणजे चारच. ड्रिलमध्ये, म्हणजे अशा खूण-उत्तराच्या सरावात, वाक्याचा साचा तसाच राहतो आणि एक जागा बदलत राहते. एकच, हे महत्त्वाचं. पेय आणि काळ एकदम बदललात तर वर्ग अडखळतो, आणि चूक नक्की कशात झाली ते शिक्षकालाही कळत नाही. म्हणून आधी पेयं बदलून घ्या, आठ-दहा खुणा पुरेत. मग पेय तेच ठेवून क्रियापद फिरवा: नोमिमास, नोमिमासेन, नोमिमाशिता, नोमिमासेन देशिता. पितो, पीत नाही, प्यायलो, प्यायलो नाही.

लांब वाक्य शेवटाकडून बांधतात. 'मी जपानी शिकतोय' हे वाक्य घ्या. आधी 'इमास'. मग 'शिते इमास'. मग 'बेन्क्यो शिते इमास'. शेवटी 'निहोन्गो ओ बेन्क्यो शिते इमास'. सुरुवातीकडून बांधलं तर दर वेळी नवा, कच्चा तुकडा शेवटी येतो आणि आवाज तिथेच ढेपाळतो. उलट बांधलं की प्रत्येक वेळी माणूस ओळखीच्या शेवटाकडे जातो, वाक्याची लय टिकते.

लिपी नंतर, हा या पद्धतीचा हट्ट. तो मला पटतो. रोमन अक्षरांत 'मास'च्या शेवटी 'यू' दिसतो, तो एकदा डोळ्यांत बसला की आपली मंडळी जन्मभर 'नोमिमासू' म्हणतात. बोलताना तो उकार जवळजवळ ऐकू येत नाही.

सराव कशाचा करायचा, हे दोन भाषा शेजारी ठेवून ठरवायचं. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि प्रश्नाला शेवटी 'का' लागतो: नोमिमास का? पिता का? मराठी माणसाची यावर दहा मिनिटं घालवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. वेळ द्यायचा तो स्वरांच्या लांबीला. ओबासान म्हणजे मावशी किंवा आत्या, ओबाआसान म्हणजे आजी. आपल्या कानाला दोन्ही 'आ' सारखेच वाटतात, आणि तरण्याताठ्या मावशीची आजी होते.

वर्गात घोटाळे होतात ते साधेच. शिक्षक मुलांबरोबर स्वतःही म्हणत राहतो, मग त्याला मुलांच्या चुका ऐकूच येत नाहीत. आधी नाव पुकारतो आणि मग खूण देतो, की बाकीचे सुटलो म्हणून खिडकीबाहेर बघतात. खूण आधी द्या, दोन सेकंद थांबा, मग नाव घ्या. बाकांच्या ओळीनं तर विचारूच नका. समूहानं म्हणताना पाढ्यांचा सूर लागला, वेग उतरला, की ते ड्रिल तिथेच थांबवा. टेपचा दोष वेगळा. आपण चुकीचं म्हणतोय हे मुलाला ऐकू येत नसेल, तर ते चुकीचंच तासभर पक्कं करत राहतं.

पण खरा घोटाळा अजून पुढे आहे. पुन्हा एकदा वाक्य करा.

ग्यून्यू. (3 सेकंद विराम) ग्यून्यू ओ नोमिमास.

इसु. (3 सेकंद विराम)

'इसु ओ नोमिमास' म्हणालात ना? ग्यून्यू म्हणजे दूध, पण इसु म्हणजे खुर्ची. तुम्ही आत्ता खुर्ची प्यायलात. साचा बिनचूक, वाक्य अस्खलित, आणि अर्थाशी गाठच पडली नाही. अशा टेपांवर वर्षभर बसलेली मुलं प्रत्यक्ष माणूस समोर आला की गप्प का होत, याचं उत्तर या खुर्चीत आहे. स्किनर यांच्या भाषेवरच्या पुस्तकावर भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी 1959 मध्ये कडक परीक्षण लिहिलं. भाषा म्हणजे सवयींची साखळी नव्हे, या त्यांच्या म्हणण्याचा पुरावा आपल्या घरातच सापडतो. लहान मूल 'मी करलं' म्हणतं. घरात सगळे 'केलं' म्हणतात, 'करलं' त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ते नियम काढतं आणि लावतं.

म्हणून ड्रिल टाकून द्यावं असं नाही. जीभ आणि कान वळवायला त्याच्याइतकं स्वस्त साधन नाही. फक्त तीन मिनिटांवर ते ताणू नये, आणि त्याच साच्यातला असा प्रश्न लगेच विचारावा ज्याचं उत्तर शिक्षकाला आधी माहीत नसतं. 'केसा' म्हणजे आज सकाळी, 'नानि' म्हणजे काय. प्यायलाच नसाल तर 'नोमिमासेन देशिता' म्हणा. आणि कुणी खुर्चीचं नाव घेऊ नका.

केसा, नानि ओ नोमिमाशिता का?

(6 सेकंद विराम)