बरग्यांआधी आलेला पावसाळा

(दृश्य : बंधाऱ्याच्या मोऱ्यांतून उसळणारं गढूळ पाणी. थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज, मग निवेदन.)

बघणाऱ्याला हे जुलैचं पाणी वाटेल. पण हा मे महिना आहे, 2025 सालचा. नदी भोगावती, जिल्हा कोल्हापूर.

वळीव आपल्याला नवा नाही. दुपारभर उकडतं, चारच्या सुमाराला उगवतीकडनं आभाळ काळं होतं, धुरळा उडवत वारा सुटतो, गारा पडतात, एखादं झाड रस्त्यात आडवं होतं. तासाभरात सगळं मोकळं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन. यंदा ते ऊनच टिकेना. महिन्याच्या उत्तरार्धात कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि 24 तारखेला ते रत्नागिरीच्या बाजूनं जमिनीवर सरकलं. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोहोचला, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी. 25 ला तो तळकोकणात होता, 26 ला मुंबईत. मुंबईची त्याची नेहमीची तारीख 11 जून. इथे ढग आता मावळतीकडनं, पन्हाळा-जोतिबाच्या अंगानं येत होते. वळीव संपून पावसाळा कधी लागला, ते कळलंच नाही.

(दृश्य : बंधाऱ्यावर माणसं. साखळ्या, पहारी, ओले दगड.)

ही माणसं बरगे काढताहेत.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीनं उभे दगडी खांब. दोन खांबांमधली मोकळी जागा ती मोरी. खांबांच्या अंगाला उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की ऑक्टोबरात त्या खाचांत एकावर एक फळ्या उतरवतात, तेच बरगे. जुन्या बंधाऱ्यांत त्यांच्या दोन रांगा लावतात आणि मधे माती ठासून भरतात, म्हणजे पाणी झिरपत नाही. आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी बरगे आलेत, पण रीत तीच. या अडवलेल्या पाण्यावर दोन्ही काठांचा ऊस आणि गावांच्या पाणी योजना उन्हाळा काढतात. वरून पलीकडच्या गावाला जायला वाटही मिळते.

पावसाळ्याआधी हे सगळं उलटं करायचं. आधी मधली माती उकरायची, मग वरचा बरगा हुकात अडकवून खेचायचा, मग त्याखालचा. नदी निवांत असते तेव्हा हे नुसतं कष्टाचं काम. पाणी चढलं की ते जोखमीचं होतं. पाण्याच्या दाबानं बरगा खाचेत आवळून बसतो, लाकडी असेल तर फुगलेलाही असतो. पहार घालून हलवावा, तर पायाखालचा दगड निसरडा.

(दृश्य : एक बरगा सुटतो. पाण्याचा लोट. इथे निवेदन नको.)

मग आधीच का काढले नाहीत? हा प्रश्न शहरातून विचारायला सोपा आहे. 2023 साली मोसमी पाऊस केरळातच 8 जूनला आला आणि आपल्याकडे जूनचे पहिले तीन आठवडे कोरडे गेले. त्या वर्षी मे महिन्यात बरगे काढून पाणी सोडून दिलं असतं, तर काठावरच्या पाण्याच्या मोटारी नुसती हवा ओढत बसल्या असत्या. म्हणून शेतकरी शेवटच्या दिवसापर्यंत ‘राहू द्या’ म्हणतो, आणि त्याचं चुकत नाही. चुकतंय ते एवढंच, की मृग साधारण 7 जूनला निघतो हे धरून आखलेलं वेळापत्रक अजून तसंच आहे. समुद्रात कमी दाब तयार होतोय हे आता चार दिवस आधी मोबाईलवर दिसतं. बंधाऱ्यावरच्या माणसाला मात्र पाणी चढल्यावर फोन येतो. आमच्या मते तो फोन आधी यायला हवा.

(दृश्य : डोंगरउतारावरचं रान. चिखल. शेडमध्ये उभी कुरी.)

पश्चिमेकडच्या राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी भागात रोहिणी नक्षत्रात भाताची धूळवाफ पेरणी होते. रान तापलेलं हवं, माती भुसभुशीत हवी. कुरीनं कोरड्यात बी टाकायचं, मृगाच्या पावसानं ते उगवतं, लावणीची मजुरी वाचते. त्यासाठी मेमध्ये रान वाळावं लागतं. यंदा घातच येईना, म्हणजे रान पेरणीजोगं होईना. ट्रॅक्टर घातला की चाकं रुतायची. कुरी पुसून ठेवली होती, ती तशीच राहिली.

(दृश्य : गच्चीवर ताडपत्री, खाली मिरच्या.)

आणि घरोघरची चटणी! वर्षाची चटणी उन्हाळ्यातच होते. ब्याडगी, संकेश्वरी मिरची उन्हात कडकडीत वाळली तरच डंकावर नीट कांडते. या गच्चीवर मिरच्या दिवसातून किती वेळा आत-बाहेर झाल्या, ते या काकूंनाच विचारा. शेवटी त्यांनी पंख्याखाली पसरल्या.

(दृश्य : वीटभट्टी, शेंगांचे ढीग, भाताचा तरवा. दृश्यं झपाट्यानं बदलतात.)

कच्च्या विटांचा चिखल झाला, उन्हाळी भुईमुगाच्या शेंगांना रानातच कोंब आले. धूळवाफ हुकलेल्यांनी रोपांसाठी तरवे टाकले, म्हणजे आता रोपलावण आणि तिची मजुरी. बंधाऱ्यावर अडकलेले बरगे पाणी उतरल्यावर काढायचे ठरले.

(श्रेयनामावली.)