दिव्याखालचे हात

(दृश्य: अंधारी खोली, टेबलावर नोटा, अतिनील दिवा)

साध्या उजेडात या पाचशेच्या नोटांवर काहीच दिसत नाही. आता दिवा बदलतोय. बघा. ही निळसर चमक अँथ्रासीन पावडरची. महाराष्ट्राचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग लाच घेताना पकडण्यासाठी लावलेल्या सापळ्यात वर्षानुवर्षं ती वापरत आलाय. काही राज्यांत फिनॉल्फ्थॅलीन लावतात. तिथे नोटा हाताळलेली बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं.

खऱ्या सापळ्यात आम्हाला कॅमेरा नेता येत नाही. हे प्रात्यक्षिक आहे.

(दृश्य: व्हॉइस रेकॉर्डर, पंचनामा लिहिणारा हात)

पावडरीच्या आधी येते पडताळणी. तक्रारदाराच्या खिशात रेकॉर्डर, सोबत पंच, म्हणजे त्रयस्थ साक्षीदार. किती पैसे हवेत आणि कोणत्या कामासाठी, हे लाच मागणाऱ्या साहेबांच्याच तोंडून यावं लागतं. मागणी सिद्ध झाली नाही, तर नुसत्या सापडलेल्या नोटांवर कोर्ट शिक्षा देत नाही. ‘उसने दिले होते ते परत घेतले’ हा बचाव तर ठरलेलाच. तक्रारदार फितूर झाला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

मग नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरतात. पंच बहुधा दुसऱ्या सरकारी कार्यालयातले. तक्रारदाराला बजावलं जातं: मागितल्याशिवाय नोटांना हात लावायचा नाही, साहेबांशी हातही मिळवायचा नाही. पैसे दिले की खूण करायची. डोक्यावरून हात फिरवणं, असं काहीतरी साधंच.

खूण होते. पथक आत. साहेबांचे दोन्ही हात दिव्याखाली.

पुढे अटक, ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली तर निलंबन, खटल्यासाठी वरिष्ठांची मंजुरी, तारखा. शिक्षा ३ ते ७ वर्षं.

(दृश्य: औद्योगिक वसाहत, फाटकातून आत जाणारे ट्रक)

आता हे फाटक. अशा एखाद्या फाटकाआड खरेदी विभागातला माणूस पुरवठादाराकडून ‘कट’, म्हणजे कमिशन, घेतो, तेव्हा ते बिलातच मिसळलेलं असतं. त्याच्यासाठी सापळा नाही. १९८८चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकांसाठी आहे. त्यांच्या वतीने पैसे उचलणारा दलालही त्यात येतो, पण खासगी कंपनीचा खरेदी व्यवस्थापक येत नाही. खासगी क्षेत्रातली लाचही गुन्हा ठरवण्याचा विचार करा, असं संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार सांगतो. भारताने तो २०११ मध्ये स्वीकारला. तसा कायदा काही आला नाही.

२०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवायला लावली. चौकशी बंद दाराआड. राजीनामा घेऊन प्रकरण मिटवलं, तरी बाहेर कोणाला कळणार? कंपनीचा पैसा, कंपनी बघेल, असं म्हणतात. त्या पैशात बँकेचं कर्जही असतं, म्हणजे ठेवीदारांचा पैसा.

२०१८च्या दुरुस्तीने एक दार उघडलं. कंपनीच्या फायद्यासाठी लोकसेवकाला लाच दिली, तर कंपनीलाही दंड. लाच देणाराही आता आरोपी. बळजबरीने द्यावी लागली असेल आणि ७ दिवसांत कळवलं, तर तो सुटतो.

(दृश्य: भिंतीवरचा फलक)

१०६४. टोल फ्री. तलाठ्याने किंवा अभियंत्याने लाच मागितली, तर या क्रमांकावर तक्रार करता येते. खासगी कंपनीतल्या खरेदी व्यवस्थापकाची तक्रार अजून बहुधा त्याच्याच कंपनीकडे करावी लागते.