ब्राउझरमध्ये उघडलं म्हणजे झालं, असं नाही

आधीच सांगतो, मास्टोडॉन (आपल्याच सर्व्हरवर चालवायचं आणि इतरांच्या सर्व्हरांशी बोलणारं, ट्विटरसारखं सोशल नेटवर्क) इन्स्टॉल कसा करायचा हे आज मी सांगणार नाहीये. ते डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, ओळीला ओळ लावत गेलात की होतं. मी बोलणार आहे ते दारात बसलेल्या एनजिनएक्सबद्दल, म्हणजे बाहेरून येणारी रिक्वेस्ट आत योग्य प्रोग्रामकडे धाडणाऱ्या वेब सर्व्हरबद्दल, कारण माझे तीन शनिवार त्यानेच खाल्ले.

आत काय काय चालू असतं बघा. पुमा, म्हणजे मुख्य वेब, ३००० पोर्टवर. टाइमलाइन रिफ्रेश न करता आपोआप हलते ना, ते काम, म्हणजे स्ट्रीमिंग, वेगळ्या नोड प्रोसेसचं, ती ४००० वर. सायडकिक मागच्या खोलीत बसून निरोप पोचवतं, त्याला बाहेरून कोणी भेटायला येत नाही. म्हणजे वॉचमन एनजिनएक्सला दोनच फ्लॅट माहीत हवेत: स्ट्रीमिंगची रिक्वेस्ट आली की ४०००, बाकी सगळं ३०००. एवढं सोपं आहे, मग तीन शनिवार कशात गेले?

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साइट आधीपासून होती, वर्डप्रेसवर. समजा तिचं नाव मंडळ डॉट एक्झाम्पल. मास्टोडॉन टाकला सोशल डॉट मंडळ डॉट एक्झाम्पलवर, पण हँडल, म्हणजे प्रत्येकाचा मास्टोडॉनवरचा पत्ता, मात्र सगळ्यांना छोटंच हवं होतं, ॲट मंडळ डॉट एक्झाम्पल. हे होतं, त्यासाठी लोकल डोमेन (हँडलमध्ये दिसणारं) आणि वेब डोमेन (जिथे मास्टोडॉन खरंच चालतो ते) अशा दोन सेटिंग्ज आहेत. गावाकडे कसं, मुक्काम पोस्ट एक आणि माणूस राहतो मळ्यात, तसं. फक्त लोकल डोमेन एकदाच विचार करून टाका बरं का, मागाहून बदललंत तर बाकीच्या सर्व्हरांच्या लेखी तुम्ही वेगळीच माणसं.

आता दुसऱ्या सर्व्हरवरच्या कोणी आपलं हँडल सर्च केलं की तो सर्व्हर मुख्य डोमेनवर येतो आणि वेल-नोन वेबफिंगर या पत्त्यावर विचारतो, हा माणूस कुठे राहतो? वेबफिंगर, म्हणजे हँडलवरून माणूस शोधायची ठरलेली पद्धत, २०१३ चं, आरएफसी ७०३३ हे इंटरनेटचं मानक. ॲक्टिव्हिटीपब, म्हणजे असे सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात त्याचे नियम, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१८ मध्ये मंजूर केलं, पण हँडलवरून माणूस कसा शोधायचा हे त्यात नाहीच, मास्टोडॉन ते वेबफिंगरवर भागवतं. म्हणजे प्रश्न येतो वर्डप्रेसच्या दारात आणि उत्तर आहे मास्टोडॉनकडे, मग मधे एक रिडायरेक्ट (इथे नाही, तिकडे विचार, असं सांगणारी ओळ) टाकायचा. मी टाकला. साइट मस्त उघडतेय, लॉगिन होतंय, फोटो चढतायत. मित्राने त्याच्या सर्व्हरवरून सर्च केलं तर काहीच नाही, ब्लँक.

कर्ल मारलं, म्हणजे टर्मिनलवरून तो पत्ता मागून पाहिला, तर ४०३, म्हणजे परवानगी नाही. आता हे कोण अडवतंय? अर्धा दिवस फायरवॉलच्या मागे होतो. शेवटी सापडली ती मीच कधीतरी सिक्युरिटीच्या नावाखाली कुठूनतरी कॉपी करून टाकलेली ओळ: ठिपक्याने सुरू होणारं काहीही बाहेर दाखवू नको. आणि वेल-नोनची सुरुवात ठिपक्यानेच होते! माझा रिडायरेक्ट त्या ओळीच्या वर होता, म्हणून मी निर्धास्त, पण एनजिनएक्समध्ये साध्या लोकेशनपेक्षा (लोकेशन म्हणजे कुठल्या पत्त्याचं काय करायचं ते सांगणारा भाग) रेजेक्सवालं, म्हणजे त्या ठिपक्याच्या ओळीसारखं नमुना जुळवून बघणारं, लोकेशन भारी पडतं, वर-खाली लिहिल्याने काही होत नाही. लोकेशनपुढे 'बरोबर'चं चिन्ह (=) टाकून नेमका पत्ता लिहिला की तो आधी धरला जातो. गंमत म्हणजे एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट याच वेल-नोनमधून दर वेळी नीट रिन्यू होत होतं, म्हणून माझा तिकडे संशयच गेला नाही. सर्टिफिकेट आणणाऱ्या सर्टबॉटचं एनजिनएक्स प्लगिन तेवढ्यापुरतं स्वतःचं नेमकं लोकेशन घुसवतं आणि काम झालं की काढून घेतं, शहाणं आहे ते.

मग ४०३ गेलं तरी हँडल सापडेना. रिडायरेक्टमध्ये मी डॉलर यूआरआय लिहिलं होतं, हवं होतं डॉलर रिक्वेस्ट यूआरआय. पहिल्यात प्रश्नचिन्हानंतरचं सगळं गळतं, म्हणजे पाहुणा दारात येतो खरा पण कोणाकडे आलोय तेच विसरतो.

हेडरांचं, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींचं, पटकन सांगतो. होस्ट हेडर, म्हणजे रिक्वेस्ट कुठल्या डोमेनसाठी आहे ते, जसाच्या तसा आत पाठवायचा. न सांगता एनजिनएक्स तिथे मागच्या सर्व्हरचं नाव टाकतं, आणि दुसरे सर्व्हर निरोपावर जी सही करतात त्यात होस्टही असतो, मग सही जुळत नाही. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो विसरलात तर मास्टोडॉनला वाटतं पाहुणा एचटीटीपीवरून आलाय, मग त्याला एचटीटीपीएसवर पाठवतो, परत तेच, गोल गोल. स्ट्रीमिंगला अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन हेडर, आणि प्रॉक्सीचं एचटीटीपी व्हर्जन १.१ लिहूनच टाका. फाइल साइजची मर्यादा मुळात १ एमबी असते, मास्टोडॉनच्या नमुना फाइलमध्ये ती ९९ केलेली आहे, तेवढी ठेवा, नाहीतर ट्रेकचा एक फोटो चढायचा नाही.

मघाशी कोणीतरी विचारलं, पुढे कॅशे (एकदा दिलेलं पान साठवून पुन्हा तेच देणारा) लावला तर? लावा, पण जपून. एकाच प्रोफाइलच्या पत्त्यावर ब्राउझर आला तर एचटीएमएल मिळतं आणि दुसरा सर्व्हर आला तर जेसन (यंत्रांसाठीची, महिरपी कंसांतली माहिती), ते ॲक्सेप्ट हेडरवरून ठरतं. लेमी, म्हणजे ॲक्टिव्हिटीपबवरचंच रेडिटसारखं सॉफ्टवेअर, त्यात तर हे एनजिनएक्समध्येच डोळ्यांना दिसतं: ॲक्सेप्टमध्ये ॲक्टिव्हिटीपबवालं जेसन मागितलं असेल किंवा पोस्ट रिक्वेस्ट असेल तर ८५३६ वरच्या बॅकएंडला, नाहीतर १२३४ वरच्या यूआयला. कॅशेला हा फरक कळला नाही तर तो जे पहिल्यांदा हाताला लागेल तेच सगळ्यांना वाटत सुटतो, आणि मग ग्रुपमधल्या काकांचा फोन येतो की अरे माझ्या प्रोफाइलवर नुसते महिरपी कंस का दिसतायत?