चौकटीवरचा आकडा

(दृश्य: मातीच्या भिंतीचं घर, दाराच्या चौकटीवर पुसट आकडा)

२०१० साली जनगणनेची घरयादी करायला आलेल्या गुरुजींनी हा आकडा टाकला. त्यानंतर चौकटीला दोनदा रंग लागला, पण आकड्याला हात लावला नाही. सरकारी आहे, म्हणतात.

यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव. नातीच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवाय. आजोबा विचारतात, "माह्या बापाची जात एकतीस सालात लिवून नेली होती म्हन्ते. थे कागद आमाले दाखवत नाही काय?"

नाही दाखवत. १९३१ च्या जनगणनेत माणसागणिक चिठ्ठ्या भरल्या, जातवार गठ्ठे लावले, मोजले, तक्ते छापले. मोजून झाल्यावर चिठ्ठ्यांचं काम संपलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या छापील खंडात आजोबांचे वडील आहेत, पण कुठल्याशा बेरजेतला एक म्हणून. पुढच्या मोजण्यांना १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ लागू आहे. जनगणनेची नोंदवही पाहण्याचा हक्क कुणाला नाही, दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाही.

याला कारण आहे. घरात संडास आहे का, कोण अपंग, कोण विधवा, हे माणूस दारातल्या गुरुजींना सांगतो ते, ही गोष्ट चार कानी जाणार नाही या भरवशावर. तो भरवसा मोडू नयेच. पण किती वर्षं? अमेरिकेत ७२ वर्षांनी पानं उघडतात. इंग्लंडने १९२१ ची मोजणी २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवली. आपल्या कायद्यात मुदतच नाही. सांगणारा गेला, लिहिणारा गेला, कुलूप तेवढं राहिलं.

(दृश्य: तहसीलची रेकॉर्ड रूम, लाल कापडातले बस्ते)

मग विदर्भातला माणूस येतो इथे, कोतवाल बुकासाठी. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवालाच्या खबरीवरून या पुस्तकात चढायचं. आधी अर्ज, मग मौजा आणि साल, मग बस्ता. गाठ सुटली की धुरळा उडतो. आमच्या कॅमेरावाल्याला तीन वेळा काच पुसावी लागली. पानाच्या कडा बोटाला लागताच झडतात. शाई करडी पडलेली, अक्षर दर चार पानांनी बदलतं. कारकून ओळीवर पट्टी धरतात, बोट लावू देत नाहीत. कुठे बापाचं नाव आहे तर जात वाळवीने खाल्लेली, कुठे जात आहे तर नाव अर्धं.

दुपारी, तिसऱ्या पुस्तकात, एक ओळ जुळते. बापाचं नाव, जात, मौजा. बाळाच्या नावाच्या जागी एकच शब्द: मुलगा. हे मूल म्हणजे शेजारी काठी टेकून उभे असलेले आजोबा. जनगणनेत लपवलेली जात इथे नाव-गावासकट कुणालाही अर्ज करून वाचता येते. यातलं कुठलं पान जास्त खाजगी, ते ज्याचं त्याने ठरवावं.

नक्कल मिळाली, पडताळणीच्या फाईलला लागली. प्रवेशाची तारीख मात्र तोवर उलटून गेली होती.

२०२७ च्या जनगणनेत जात पुन्हा विचारणार आहेत, या खेपेला मोबाइलवर. तो तपशील या नातीच्या पणतवंडांना कधी बघता येईल, याचं उत्तर आज कलम १५ मध्ये नाही.

(दृश्य: आजोबा नक्कल डोळ्यांजवळ धरून वाचतात. इथे निवेदन नाही.)