बापाची सही

नमस्कार मंडळी. ॲडमिशनांचे दिवस आहेत म्हणून मला इथे बोलवलं, स्कॉलरशिपबद्दल चार गोष्टी सांगा म्हणाले. मी एका कॉलेजच्या ऑफिसात २६ वर्षं काढली, त्यातली बरीचशी त्या खिडकीत, जिच्यावर स्कॉलरशिप असं लिहिलेलं असतं आणि जी कधीही बघा बंदच असते असं पोरं म्हणतात, आणि खोटं नाही ते. पण स्कीमांची यादी वाचून दाखवायची तर रेडिओ कशाला, ती मोबाईलवर मिळते. मी आज वेगळ्या पोरांबद्दल बोलणार आहे. ज्यांना आईबाप आहेत, घर आहे, आणि तरी महिन्याच्या एक तारखेला खोलीचं भाडं कुठून द्यायचं ते माहीत नाही अशी पोरं.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली एक मुलगी होती, बीकॉम दुसऱ्या वर्षाला. सगळे कागद घेऊन आली, मार्कशीट, आधार, पासबुकाची झेरॉक्स, एकच नाही, उत्पन्नाचा दाखला. मी विचारलं तर म्हणाली, सर, तो बाबांच्या नावाने काढावा लागतो, त्यासाठी घरी जावं लागेल, आणि घरी गेले तर परत पाठवणार नाहीत. एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरवलेलं, ती निघून आली होती, आधी पणजीजवळ सांताक्रूझला मावशीकडे, मग मावशीला पण फोन यायला लागले तेव्हा ताळगावात तिघींत मिळून एक खोली. आता मी तिला काय सांगितलं असेल? बाय, दाखला नाही तर फॉर्म घेता येत नाही. आणि पुढच्याला बोलावलं. आज रेडिओवर सांगताना पण मला कसंतरीच होतंय, पण सांगतो, कारण आजही कुठल्यातरी खिडकीत कोणीतरी हेच सांगत असणार.

आणि गंमत बघा, दाखला आणला असता तरी काही झालं नसतं. बापाची काजूची बागायत, एक टेम्पो, कागदावर चांगलं उत्पन्न, तेव्हा लिमिटच्या वर गेली असती ती. म्हणजे कागदावर बऱ्या घरातली मुलगी आणि हातात शंभराची नोट नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, मी वकील नाही. अठरा पूर्ण झाले की माणूस सज्ञान. पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, १२५ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली, तिच्यात ते १४४ झालं, त्यात पोटगी मिळते ती अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलांना, आणि सज्ञान असेल पण शरीराने किंवा मनाने अधू असल्यामुळे कमावता येत नसेल तर त्याला. धडधाकट वीस वर्षाच्या पोराला त्या कलमाखाली कॉलेजची फी बापाकडून मागता येत नाही. आपल्या गोव्यात लोक लगेच म्हणतात, अहो आमच्याकडे पोर्तुगीजांच्या वेळचा सिव्हिल कोड आहे, बापाला मुलांना तोडता येत नाही. बरोबर आहे, अर्धी मालमत्ता सहसा मुलांसाठी राखीवच असते. पण ती बाप गेल्यावर! तोवर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर पणजोबांचंच नाव, दहा जणांची वाटणी राहिलेली, त्यातून सेमिस्टरची फी कशी निघणार.

एकीकडे कायदा म्हणतो अठरा झाले, तू मोठा झालास, आता बापाची जबाबदारी संपली. आणि दुसरीकडे फॉर्म म्हणतो बापाचं उत्पन्न दाखव, बापाची सही आण. मग अठराव्या वर्षी संपलं ते काय आणि राहिलं ते काय? मी रिटायर झालो तरी मला हे अजून कळलेलं नाही.

बरं, आता कामाचं. अशा परिस्थितीत कोणी ऐकत असेल, किंवा तुमच्या ओळखीत कोणी असेल, तर पैशाच्या मागे धावायच्या आधी तीन वस्तू आपल्या ताब्यात घ्यायच्या. पहिली म्हणजे आधारला जोडलेला मोबाईल नंबर. तुम्हाला वाटेल ह्यात काय मोठं. त्या मुलीच्या आधारला बापाचा नंबर होता. पाचवीत असताना घरचा एकच फोन, तोच दिलेला. म्हणजे ती इथे पणजीत बसून पोर्टलवर फॉर्म भरते आणि ओटीपी जातो वाळपईच्या बाजूला बापाच्या खिशात. त्याला कळतं पोरगी काहीतरी करतेय, आणि सुरू होतात फोन. नंबर बदलायला आधार सेंटरवर स्वतः जायचं, अंगठा द्यायचा, थोडी फी भरायची, बापाला विचारावं लागत नाही. हे पहिलं करायचं, बाकी सगळं नंतर.

दुसरी वस्तू बँक खातं. शाळेत असताना काढलेलं खातं पालक चालवतात, पण तुम्ही अठरा झालात की त्यांचा तो अधिकार संपतो, बँकेत जाऊन नवीन सही आणि केवायसी द्यायची. नाहीतर सरळ दुसऱ्या बँकेत झिरो बॅलन्सचं खातं काढायचं. आता इथे एक मेख आहे जी मला पण उशिरा कळली. स्कॉलरशिपचे पैसे हल्ली आधारवर येतात, म्हणजे फॉर्मात तुम्ही कुठला का नंबर लिहा, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलंय तिथेच पैसे जमा होतात. नवीन खातं काढलं पण आधार जुन्याच खात्याला, तर पैसे जुन्यात. एका मुलाचे असे गेले. बापाने काढले, आणि बाप काही वाईट माणूस नव्हता हो, त्याला वाटलं सरकारने घरखर्चाला दिले.

तिसरी वस्तू मार्कशीट. घरी कपाटात असतात, रागात निघालेला माणूस मार्कशीट घेऊन निघत नाही. पर्वरीला आल्त बेतीच्या बोर्डात डुप्लिकेट मिळते, डिजिलॉकरवर पण बघा. ह्यावर फार बोलत नाही, हे सोपं काम आहे.

आता पैसे. बारावीला तुमच्या बोर्डात वरच्या वीस टक्क्यात असाल तर केंद्र सरकारची एक स्कॉलरशिप आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दरवर्षी १२,००० आणि पुढे मास्टर्सला २०,००० रुपये, घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. १२,००० म्हणजे महिन्याला हजार. खानावळीचं बिल पण सुटत नाही, पण कदंब बसचा पास आणि झेरॉक्सा सुटतात. एससी विद्यार्थ्यांना पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरची, स्कॉलरशिप आहे, लिमिट अडीच लाख. गावडा, कुणबी, वेळीप समाजातल्या पोरांना २००३ मध्ये एसटी दर्जा मिळाला, त्यांच्यासाठी राज्याची गगन भरारी योजना आहे, ती बऱ्याच जणांना माहीतच नसते, मला विचारतात तेव्हा मला आश्चर्य वाटतं. उच्च शिक्षण खात्याची बर्सरी, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मदतीची, स्कीम आहे. आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज, इंजिनियरिंग वगैरे करणाऱ्यांनी बँकेत जायच्या आधी तिथे जावं, जामीन कोणाकोणाचा चालतो हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं म्हणजे दहा खेपा होत नाहीत.

बँकेचं साधं एज्युकेशन लोन म्हणाल तर त्यात आईबाप जोडकर्जदार म्हणून सही करतात, तिथेच गाडी अडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली, त्यात तारण नको आणि जामीनदार नको असं आहे, तेव्हा ८६० संस्थांची यादी होती, तुमचं कॉलेज आताच्या यादीत आहे का ते आधी बघा. पण व्याजात ३ टक्के सवलत पाहिजे तर कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, म्हणजे फिरून परत भोपळे चौकात, दाखला आणा.

अनाथ मुलांसाठी बघा, सोय आहे. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली वयाच्या २१ पर्यंत, काही वेळा २३ पर्यंत, महिन्याला ४,००० मिळू शकतात. कोविडात दोन्ही पालक गेले त्यांच्यासाठी पीएम केअर्समधून १० लाखांची ठेव, १८ ते २३ दरमहा स्टायपेंड, आणि २३ ला सगळी रक्कम. चांगलंच आहे, मिळालंच पाहिजे. पण बाप जिवंत आहे आणि बघत नाही, त्याच्यासाठी फॉर्मात रकानाच नाही. एक मुलगा मला म्हणाला होता, सर, मी काय लिहू, कैलासवासी लिहू? मी हसलो तेव्हा. तो हसत नव्हता.

आमचे कितीतरी गोंयकार पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेले, स्विंडनला तर वस्तीच आहे, त्यांना विचारा. तिथे पंचविशीच्या आतल्या विद्यार्थ्याचा आईबापाशी संबंध तुटला असेल तर तसं सांगता येतं, शिक्षकाचं, सोशल वर्करचं पत्र जोडायचं, मग त्याला एकटा धरतात, आईबापाचं उत्पन्न विचारत नाहीत. अमेरिकेत उलट कडक, २४ वर्षांपर्यंत साधारण आईबापाचंच उत्पन्न बघतात, पण तिथेसुद्धा कॉलेजच्या ऑफिसरला अधिकार आहे, केस बघून सूट द्यायचा. आमच्याकडे प्रिन्सिपलच्या पत्राला, गावच्या पंचाच्या पत्राला असं वजन का नसावं? तलाठी चौकशी करतोच ना दाखल्यासाठी? त्याने लिहावं की ही मुलगी अमुक वर्षापासून वेगळी राहते, भाडं स्वतः भरते. त्या मुलीसाठी आम्ही शेवटी तसंच केलं. वर्ष गेलं हो त्यात! नोटरीकडे ॲफिडेव्हिट, खोलीच्या मालकिणीकडून भाड्याच्या पावत्या, पोलिसात दिलेला भाडेकरूचा फॉर्म, प्रिन्सिपलचं पत्र, सगळं जोडून मामलेदाराकडे अर्ज. काउंटरवरचा क्लार्क म्हणाला असा दाखला नसतो. मी म्हटलं नसतो तर तसं लिहून द्या. लिहून द्या म्हटलं की माणूस आत जाऊन साहेबांना विचारून येतो, हे मी २६ वर्षं स्वतः क्लार्क असल्यामुळे सांगतो. आला बाहेर, म्हणाला ठेवून जा. दोन महिन्यांनी दाखला मिळाला, तिच्या एकटीच्या उत्पन्नाचा. सगळीकडे असं होईलच असं नाही, पण अर्ज तोंडी करू नका, अर्ज पोचल्याचा इनवर्ड नंबर घ्या.

तोवर ती जगली कशावर? टूरिस्ट सीझनवर. ऑक्टोबर ते मे, कळंगुट बागा साइडला, नाहीतर लग्नांच्या केटरिंगला, रात्री दोनला सोडतात आणि सकाळी आठचं लेक्चर. अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली गेली. मास्तर मंडळी म्हणतात पोरं मागच्या बाकावर झोपतात, अहो विचारा एकदा का झोपतात ते. आणि पाऊस लागला की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झोपडीवजा हॉटेलं, बंद, काम बंद, नेमकी तेव्हाच नवीन वर्षाची फी. मग फोनवर ॲप, पाच मिनिटांत लोन. मंडळी, हे नको. रिझर्व्ह बँकेने अशा ॲपना तुमच्या फोनमधली नावं नंबर उचलायला बंदी केलीय, तरी उचलतात, आणि मग मास्तरांना, मैत्रिणींना, ज्या बापापासून पळालात त्यालाच फोन करतात. असं झालं तर लाजू नका, १९३० ला फोन करा.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, हॉस्टेलची मेस बंद. सगळे गावी, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला, बसस्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा ताळगावात एका खोलीत ती एकटी होती हे मला नंतर कळलं, आमच्या घरी तेव्हा नेवऱ्या, म्हणजे करंज्या, उरून शिळ्या झाल्या होत्या. पुढच्या वर्षी बायकोने तिला बोलावली. आली, पण दुपारी तीनलाच उठली, म्हणाली केटरिंगचा कॉल आहे, चवथीला माणसं मिळत नाहीत म्हणून डबल देतात.

वेळ होत आली, ताई मला काचेतून बोटं दाखवतायत. नंबर सांगतो, पेन घ्या. मोफत कायद्याचा सल्ला, १५१००, बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ॲफिडेव्हिट वगैरे लिहायला मदत करतात. मुलींना घरून जबरदस्ती असेल तर १८१. अठराच्या आतलं कोणी असेल तर १०९८. रात्री मन फारच खाली गेलं तर १४४१६, तो मनाच्या आरोग्याचा आहे, चोवीस तास चालू असतो. परत एकदा, कायद्याचा १५१००. आणि मामलेदाराकडे जाणार असाल तर सकाळीच जा, जेवणानंतर साहेब फिल्डवर असतात.